लाटसाहेबाच्या पट्टेवाल्याचा पगार कोण ठरवायचं?

९ जून २०२४, रविवार. त्या दुपारी आत्याने पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "तुला कागदांचं कळतं, तू बघ." वर दोन नऊवारी होत्या. त्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेला पट्ट्याचा पितळी बिल्ला, आणि त्याच्याही खाली घड्यांवर विरत चाललेला एक कागद. कागद इंग्रजीत टंकलेला, ऑगस्ट १९३८ चा, पुण्याच्या गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधून दिलेला. मजकूर चारच ओळींचा: धारक १९२६ पासून येथे पट्टेवाला आहे, वर्तणूक चांगली, पगार दरमहा १८ रुपये.

हे धारक म्हणजे माझे पणजोबा, आत्याचे आजोबा. जावळीच्या खोऱ्यातले. उन्हाळ्यात लाटसाहेब, म्हणजे मुंबईचे गव्हर्नर, महाबळेश्वरी आले की वरच्या बंगल्यावर कामं निघत, तशी त्यांना पहिली नोकरी लागली. आत्या आता ८९ वर्षांची आहे. कागद तिने कधी वाचलेला नव्हता, पण त्याची गोष्ट तिला पाठ होती. "आजोबांना सोळा रुपये होते. साहेबानं स्वतः अठरा केले. नुसतं तोंडानं सांगितलं आणि केले."

मी एकतीस वर्षं लेखा शाखेत काढली. त्यातली बरीचशी वेतननिश्चितीत गेली. दोन रुपयांची वाढसुद्धा मंजुरीशिवाय होत नाही आणि मंजुरी देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार कुठून तरी मिळालेला असतो, हे माझ्या हाडात भिनलेलं. त्यामुळे आत्याची गोष्ट मला खोटीही वाटेना आणि तशीच सोडूनही देववेना. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपल्या दारातल्या पट्टेवाल्याचा पगार स्वतः वाढवू शकत होता का? या प्रश्नामागे मी नऊ महिने हिंडले. ज्यांचे आजे-पणजे गव्हर्नरच्या बंगल्यावर हमाल, माळी, मसालची, भिस्ती, चोबदार, घोडेवाले किंवा कारकून होते, त्यांना यातून वाट सापडावी म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. कारण सुरुवातीचे दोन महिने माझी वाट साफ चुकली होती.

मी नाव शोधत होते.

कोणीही तेच करेल. जून आणि जुलैभर मी पणजोबांचं नाव शोधलं, इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी. इंटरनेटवर शोधलं, मग ग्रंथालयात मुंबई इलाख्याची सिव्हिल लिस्ट मागवली. ही म्हणजे त्या काळातली अधिकाऱ्यांची छापील यादी, पद आणि पगारासकट. सुरुवातीलाच गव्हर्नर आणि त्यांचा परिवार: खासगी सचिव, लष्करी सचिव, सर्जन, एडीसी (गव्हर्नरच्या दिमतीचे लष्करी अधिकारी), अंगरक्षक दलाचा प्रमुख. त्यानंतर हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, एडीसी. तिथे यादी संपते. पुढचं पान दुसऱ्या खात्याचं. मी पान उलटून मागे गेले, पुन्हा पुढे आले. छापताना काही गळलं असावं असं क्षणभर वाटलं.

गळलेलं काही नव्हतं. सिव्हिल लिस्ट ही गॅझेटेड अधिकाऱ्यांची. पट्टेवाला तिच्यात असण्याचं कारणच नाही. बिगर-गॅझेटेड नोकराची गणती संख्येने होई: अमुक दराचे इतके पट्टेवाले, तमुक दराचे इतके हमाल. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, कारण आमच्या अंदाजपत्रकातही शिपायांचं नाव कधी नसतं, पदं असतात. पण स्वतःच्या माणसाला शोधताना माणूस आधी नावच शोधतो. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कागद पुन्हा काढला आणि पहिल्यांदा नावाऐवजी तारखेकडे पाहिलं.

ऑगस्ट १९३८. पुढचं सगळं काम त्या तारखेने सोपं केलं. माझा पहिला सल्ला हाच: आपल्याकडच्या कागदाची तारीख नक्की करा, कारण पगार कोण ठरवणार हे त्या वेळी लागू असलेल्या कायद्यावर अवलंबून होतं. १८३३ चा सनदी कायदा, १९१९ ची सुधारणा आणि १९३५ चा भारत सरकार कायदा हे त्यातले मोठे टप्पे. १९३५ च्या कायद्याचा प्रांतांचा भाग १ एप्रिल १९३७ ला अमलात आला. माझा कागद त्यानंतरचा, म्हणजे मला वाचायचा होता तो १९३५ चा कायदा.

ऑगस्ट आणि सप्टेंबर वाचण्यात गेले. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. जुन्या सरकारी अहवालांचा त्यांचा साठा फार मोलाचा आहे आणि त्यातला बराच भाग त्यांनी संगणकावर चढवून खुला ठेवला आहे. मुंबईला जायच्या आधी तिथे पाहून घ्या. अर्धं काम घरबसल्या होतं. कायद्यांचे मूळ मजकूर आणि ब्रिटिश पार्लमेंटमधल्या चर्चाही आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजी कायद्याची वाक्यं पानभर लांब असतात. मी एकेक कलम वहीत मराठीत उतरवून घेत असे, तेव्हा कुठे कर्ता-कर्म सापडे.

आधी वरचा पगार पाहू, कारण खालच्याचं माप त्याशिवाय कळत नाही. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये केला. १९१९ नंतर कमाल मर्यादा १,२८,००० होती. १९३५ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुन्हा १,२०,०००. शंभर वर्षं उलटली तरी आकडा जवळपास तिथेच, महिन्याला १०,००० रुपये. मद्रास, बंगाल आणि संयुक्त प्रांतांच्या गव्हर्नरांनाही तेवढाच. विदर्भातल्या वाचकांनी मात्र मुंबईचा आकडा धरू नये. त्यांचा गव्हर्नर नागपूरला, मध्य प्रांत-वऱ्हाडचा, आणि त्याला वर्षाला ७२,०००. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथला मार्गच निराळा. गोव्यात पोर्तुगीजांचा गव्हर्नर-जनरल, कागद पोर्तुगीजमध्ये. पण गोव्याहून येऊन इथल्या बंगल्यांवर बटलर, स्वयंपाकी किंवा बँडवाले झालेल्यांच्या घरच्यांना शोध मुंबईच्या दफ्तरातच घ्यावा लागेल.

माझ्या वहीत मी एक भागाकार केला. १८ रुपये दरमहा म्हणजे वर्षाचे २१६. एक लाख वीस हजार भागिले दोनशे सोळा, उत्तर ५५५ आणि वर थोडं. गव्हर्नरचा एका वर्षाचा पगार हाती यायला पणजोबांना साडेपाचशे वर्षांहून जास्त नोकरी करावी लागली असती. मी भागाकार दोनदा तपासला. आयुष्यभर असे भागाकार केले, पण एवढ्या मोठ्या उत्तराचा केल्याचं आठवत नाही.

२ मार्च १९३० ला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं होतं, मिठाच्या सत्याग्रहाआधीचं. त्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या पगाराचा हिशोब मांडला आहे: तुम्हाला महिन्याला २१,००० रुपयांहून जास्त, म्हणजे दिवसाला ७०० हून जास्त, आणि हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी रोजचं उत्पन्न दोन आण्यांहून कमी. हे पत्र मी शाळेत असल्यापासून ऐकून होते. पण घरातल्या माणसाचा आकडा शेजारी ठेवून ते पहिल्यांदाच वाचलं, आणि वही मिटून थोडा वेळ बसून राहिले.

आता कायद्यातली खरी गाठ. गव्हर्नरच्या भोवतीच्या माणसांचे पगार एकाच जागी ठरत नव्हते, हे समजायला मला पंधरा दिवस लागले. स्वतः गव्हर्नरचा पगार कायद्याच्या परिशिष्टातच, म्हणजे थेट लंडनच्या पार्लमेंटने ठरवलेला. कचेरीतली माणसं, म्हणजे सचिव आणि त्यांच्या हाताखालचे लोक, कलम ३०५ मध्ये येतात. त्यात म्हटलं आहे की गव्हर्नरला स्वतःचं सचिवालयीन मनुष्यबळ असेल, ते तो आपल्या मर्जीने नेमेल आणि त्यांचे पगार-भत्तेही आपल्याच मर्जीने ठरवेल. 'मर्जीने' हा शब्द कायद्यात तोलून घातलेला आहे. अशा बाबतीत मंत्र्यांचा सल्ला घेण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं.

राहिला बंगला. पणजोबा बंगल्यावर होते, कचेरीत नव्हते. इथे तिसऱ्या परिशिष्टातलं दुसरं वाक्य लागू होतं: गव्हर्नरला आपल्या पदाची कामं सोयीने आणि इतमामाने पार पाडता यावीत म्हणून आवश्यक ती तरतूद राजा सपरिषद, म्हणजे इंग्लंडचा राजा आपल्या परिषदेसह, ठरवील. त्याप्रमाणे १९३६ मध्ये गव्हर्नरांच्या भत्त्यांचा आणि सवलतींचा एक स्वतंत्र हुकूम निघाला. याला ऑर्डर इन कौन्सिल म्हणतात. लष्करी सचिव आणि त्यांची आस्थापना, सर्जन, अंगरक्षक दल, पाहुणचार, बंगल्यांतलं सामान, दौरे, अशा बाबींवर कोणत्या प्रांतात वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करता येईल, ते त्यात बांधून दिलेलं होतं. लेखा शाखेतल्या माणसाला हे लगेच कळेल: बाबीची कमाल रक्कम वरून येते आणि तिच्या आतली वाटणी बंगल्यावर होते.

म्हणजे दोन रुपयांना जागा होती.

हे उमगलं त्या दिवशी रात्री साडेनऊला मी आत्याला फोन केला. ती झोपली होती. सकाळी पुन्हा केला. ती एवढंच म्हणाली, "मग? मी काय सांगत होते?"

तरीही मला थांबायचं नव्हतं. याच कायद्याच्या कलम ७८ आणि ७९ मध्ये मला असं काही भेटलं होतं की पणजोबांच्या पगाराइतकंच ते महत्त्वाचं वाटू लागलं. आपण आज अंदाजपत्रकात खर्चाचे दोन भाग करतो, दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्यावर विधानसभा मतदान करते, भारित म्हणजे ज्यावर करत नाही. राज्यपालांचा खर्च भारित, लेखाशीर्ष २०१२. नोकरीत मी हे शेकडो वेळा लिहिलं असेल. ही विभागणी १९३५ च्या कायद्यातही आहे आणि गव्हर्नरचा पगार, भत्ते, परिवाराचा खर्च भारितमध्येच आहे. फरक पुढच्या ओळीत आहे. इतर भारित खर्चावर मतदान नसलं तरी विधिमंडळात चर्चा करता येई. गव्हर्नरच्या खर्चावर मात्र चर्चेलाही जागा ठेवलेली नव्हती. कलम ७९ ने ती एकच बाब नाव घेऊन वगळली होती.

याच काळात इथे काय चाललं होतं ते आठवून पाहा. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबईत आलं. १९३१ च्या कराची ठरावाला धरून मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयेच घेतले. म्हणजे १९३८ मध्ये मुंबईत मलबार पॉइंटच्या बंगल्यावर सर रॉजर लम्ली १०,००० रुपयांचे गव्हर्नर, सचिवालयात ५०० रुपयांचे मंत्री आणि गणेशखिंडीच्या दारात १८ रुपयांचे माझे पणजोबा, तिघांचाही पगार एकाच प्रांताच्या महसुलातून. मंत्र्यांचा पगार लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवलेला. उरलेल्या दोघांच्या पगाराबद्दल त्या प्रतिनिधींनी सभागृहात तोंड उघडायचं नाही.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २०३ मध्ये जवळपास तेच वाक्य आहे, फक्त तो अपवाद गाळलेला आहे. राज्यपालांच्या खर्चावर आजही मतदान होत नाही, पण चर्चा करता येते. १९५० मध्ये राज्यपालांचा पगार महिन्याला ५,५०० ठरला, आधीच्या जवळपास निम्मा. आज तो ३,५०,००० आहे आणि आपल्या राज्यात सातव्या वेतन आयोगाच्या सर्वांत खालच्या स्तराचं मूळ वेतन १५,००० पासून सुरू होतं. भागाकार केला तर तेवीस पट. साडेपाचशेवरून तेवीस. हे पाहून मला मनापासून बरं वाटलं, ते लपवून ठेवायचं कारण नाही.

ऑक्टोबरात मुंबईचं दफ्तर. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या १८८८ च्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मी आधी पत्र पाठवलं, त्यासोबत आधारची प्रत, दोन फोटो आणि इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडलं. विषय लिहिताना 'पणजोबांची माहिती' असं न लिहिता 'गव्हर्नरच्या परिवार आस्थापनेचे वेतन, १९२६ ते १९४७' असं लिहिलं. याचा फार उपयोग झाला, कारण तिथल्या माणसाला कोणत्या खात्याचे खंड काढायचे ते लगेच कळलं. पत्र गेल्यापासून बसायला मिळेपर्यंत बारा दिवस लागले. निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि सुट्ट्या विचारून घ्या. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. त्या आठवड्यातली खेप मी पुढे ढकलली.

एकूण सहा खेपा झाल्या. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. संध्याकाळी त्याच गाडीने परत. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या बाईला मुक्कामाशिवाय हे झेपतं, पण सलग दोन दिवस जाऊ नका. जुन्या कागदाची धूळ घशात बसते. मास्क, भिंग, दोन पेन्सिली आणि पाण्याची बाटली न्या. पाणी टेबलापासून लांब ठेवा. शाईचं पेन बाहेर काढायचं नाही, मोबाईलने फोटो घ्यायचे तर आधी विचारायचं.

कामाची पद्धत अशी. थेट फाईल मागता येत नाही. आधी त्या वर्षाची, त्या खात्याची सूची पाहायची, तिच्यातून खंडाचा किंवा फाईलचा क्रमांक घ्यायचा, चिठ्ठी भरायची आणि थांबायचं. मी जनरल आणि फायनान्स या दोन खात्यांच्या सूच्या पाहिल्या. काही कागद इतके ठिसूळ झालेले असतात की बोट लागलं तरी तुकडा पडतो. ते हातात देत नाहीत आणि देऊही नयेत. एका वेळी दोन-तीन चिठ्ठ्या देऊन ठेवल्या तर एक आली नाही तरी दिवस फुकट जात नाही.

सूचीत शब्द कोणता शोधायचा यावर सगळं अवलंबून आहे. 'पट्टेवाला' हा शब्द इंग्रजी कारकून हव्या त्या स्पेलिंगने लिहीत, कधी एक एल, कधी दोन, कधी टी नंतर ए, कधी आय. कधी तो शब्दच नसतो, 'प्यून' असतो. हमाल म्हणजे मुंबईत घरकाम करणारा गडी, ओझं वाहणारा नव्हे, हे ध्यानात ठेवा. 'मीनियल्स' किंवा 'इन्फीरियर सर्व्हंट्स' या सदराखाली सगळे एकत्र टाकलेले असतात. तो शब्द पहिल्यांदा वाचताना बोचतो. मला बोचला. पण आपल्या माणसाकडे जायचा रस्ता त्याच शब्दावरून जातो, म्हणून मी तो वहीत सगळ्यांत वर लिहून ठेवला.

तिसऱ्या खेपेला मला छापील अंदाजपत्रकाच्या तपशिलात पट्टेवाल्यांची ओळ सापडली. नाव नाही, अर्थातच. पद, संख्या, दर आणि वर्षाची बेरीज. त्या संख्येतले एक पणजोबा. मी त्या ओळीखाली, कागदाला न टेकवता, बोट धरून बसले. शेजारी बीडचा एक संशोधक मुलगा बसला होता. त्याने विचारलं, "काकू, सापडलं का?" मी हो म्हणाले. त्याने आपली खुर्ची सरकवून मला उजेडाकडची जागा दिली.

त्या ओळीवरून बिल्ल्याचाही उलगडा झाला. बंगल्यावरच्या नोकरांत दोन तऱ्हा असत. काही सरकारी आस्थापनेवरचे, काही साहेबांच्या स्वतःच्या खर्चाचे. दुसऱ्या प्रकारच्यांचा माग सरकारी दफ्तरात काढणं फार कठीण, त्यांच्यासाठी साहेबांनी दिलेली चिठ्ठी हाच पुरावा. सरकारी पट्टा-बिल्ला जवळ असला तर आपला माणूस पहिल्या प्रकारातला मानून शोध सुरू करावा. घरात असा बिल्ला असेल तर घासूनपुसून चकचकीत करू नका, त्यावरची अक्षरं झिजतात. आणि कागद लॅमिनेट तर मुळीच करू नका. आम्लमुक्त कागदात, घडी उघडून, सपाट ठेवा.

एक मनस्तापही झाला. डिसेंबरात मी काही प्रतींसाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता आणि गडबडीत पोच घेतली नाही. अर्ज सापडेना. जानेवारी संपेपर्यंत वाट पाहिली, मग नव्याने दिला आणि पोच घेऊनच जिना उतरले. दोन महिने त्यात गेले. इतरांना आयुष्यभर पोच घ्यायला सांगितलेल्या बाईने ती घेऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

थांबण्याच्या त्या दिवसांत मी आत्याकडे जास्त बसले, आणि तो वेळ वाया गेला नाही. लाटसाहेबांचं वर्ष तीन बंगल्यांत वाटलेलं असे: हिवाळा मुंबईत मलबार पॉइंटला, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा गणेशखिंडीत. पुस्तकात हे एका ओळीत येतं. आत्या सांगते ते असं: "आजोबा घरी यायचे ते पावसाळ्यात. बाकी आठ महिने आजीच घर चालवायची." २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. आत्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण त्या रात्री आजोबा घरी आले नाहीत आणि आजी दारात बसून राहिली, हे तिच्या आईकडून तिने ऐकलेलं. पगाराचा शोध घेताना असं सगळंही टिपून ठेवा. फाईल उद्याही दफ्तरात असेल, घरातलं म्हातारं माणूस असेलच असं नाही.

फेब्रुवारी २०२५ अखेर प्रती हाती आल्या. खर्च असा: सहा खेपांचा प्रवास आणि जेवण ३,६०० रुपये, छायाप्रती आणि छपाई ९००, भिंग आणि मास्क ३५०, आम्लमुक्त कागद आणि पेटी १,२००. एकूण ६,०५०.

मार्चमध्ये मी दोन पानांची टिपणी लिहिली, जशी नोकरीत लिहीत असे: विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, निष्कर्ष. निष्कर्षात लिहिलं की १९३७ नंतर बंगल्यावरच्या आस्थापनेचा खर्च प्रांताच्या महसुलावर भारित होता, त्याची कमाल मर्यादा १९३६ च्या हुकमाने ठरलेली होती, आणि तिच्या आत पट्टेवाल्याचा पगार सोळावरून अठरा करणं गव्हर्नरच्या अधिकारात बसत होतं. सबब घरात सांगितली जाणारी हकीकत कायद्याशी सुसंगत आहे. खाली तारीख घातली आणि सही केली.

१६ मार्चला रविवारी आत्याला ती वाचून दाखवली. तिने डोळे मिटून सगळी ऐकली, कलमांचे आकडेसुद्धा. मग म्हणाली, "अठरा कुठले गं? हातात सतरा यायचे. एक रुपया परटाला. पांढरा अंगरखा रोज इस्त्रीचा लागायचा, नाहीतर दारात उभं करत नसत."

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि अठराच्या पुढे लिहिलं: पैकी परीट १, हाती १७. मग टिपणी कागदाशेजारी सपाट ठेवून पेटी बंद केली.